दात काढण्याआधी खड्ड्याचं ठरवून घ्या : सोलापुरातला माझा अनुभव

ज्यांचा दात काढायचं ठरलंय आणि पुढे त्या जागी इम्प्लांट (हाडात बसवायचं स्क्रूसारखं कृत्रिम मूळ) बसवायचा विचार आहे, त्यांनी हे दात काढण्याआधी वाचावं. नंतर वाचून फारसा उपयोग नाही. दात काढणं, टाके, औषधं, नंतरचा स्कॅन, इम्प्लांट, कॅप हे माझं सगळं सरळ पार पडलं, त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. अडलं ते एकाच जागी. दात निघाल्यावर जो खड्डा राहतो त्यात काय भरणार, किती भरणार, वरून कशानं झाकणार, हे दात काढण्यापूर्वी कागदावर लिहून घेण्यात. "मॅडम, आधी दात काढून घेऊ, हाडाचं नंतर बघू." हे वाक्य मी एकाहून जास्त दवाखान्यांत ऐकलं आणि त्याची चीड अजून गेलेली नाही. तीन महिन्यांनी हाडाचं बघायला जावं, तर जायचं तेवढं हाड बहुतेक गेलेलं असतं.

माझा दात म्हणजे वरच्या जबड्यातली डावीकडची दुसरी उपदाढ. जुनी रूट कॅनल, वर कॅप. हिरडीवर सारखी पुळी येत होती आणि प्रोब (हिरडीची खोली मोजायची बारीक सळई) घातला की मुळाच्या एकाच बाजूला, अगदी अरुंद जागेत, खोल जात होता. आजूबाजूला हिरडी घट्ट. रूट कॅनल झालेल्या दाताला असा एकाच जागचा खोल खिसा सापडला की मुळाला उभी चीर असल्याची शंका घेतात. उभी चीर गेलेलं मूळ वाचत नाही, त्यामुळे दात काढण्याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं, माझंही नाही. पण चिरेला लागून असलेलं गालाकडचं हाड जंतुसंसर्गानं विरघळत जातं. म्हणजे दात निघण्याआधीच खड्ड्याची एक भिंत फाटलेली असू शकते. अशा खड्ड्याचं नियोजन तर आधीच हवं.

हाड का जातं हे समजलं की घाई कशाची करायची आणि कशाची नाही हे आपोआप कळतं. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो, पेरिओडॉन्टल लिगामेंट. हे तंतू हाडाच्या ज्या आतल्या अस्तरात रुतलेले असतात त्याला बंडल बोन म्हणतात. ते हाड दातासाठीच असतं आणि त्याला रक्तपुरवठाही बराचसा त्या तंतूंच्या थरातून होतो. दात निघाला की तंतू गेले, त्यातल्या रक्तवाहिन्या गेल्या, आणि शरीर ते अस्तर शोषून घेतं. टाळूकडची भिंत जाड असते, तिचं फारसं बिघडत नाही. गालाकडची किंवा ओठाकडची भिंत पातळ असते. वरच्या पुढच्या दातांत तर बहुतेकांची ती एक मिलिमीटरहूनही कमी असते, म्हणजे जवळजवळ सगळी बंडल बोनच. म्हणून हाडाची कड बाहेरच्या बाजूनं खचते आणि हिरडी तिच्या मागोमाग आत ओढली जाते. दाढा आणि उपदाढा काढलेल्या रुग्णांवर डेन्मार्कमध्ये झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभरात कडेची रुंदी जवळपास निम्म्यानं घटली होती, आणि त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झाली होती. "नंतर बघू" मधलं नंतर म्हणजे हेच तीन महिने.

आता मिलिमीटरचं गणित. चार मिलिमीटर व्यासाचा इम्प्लांट धरा. त्याच्या गालाकडे दीड ते दोन मिलिमीटर हाड हवं आणि टाळूकडे किमान एक. म्हणजे कड साडेसहा-सात मिलिमीटर रुंद लागते. खड्डा ग्राफ्टनं, म्हणजे हाडाच्या किंवा हाडासारख्या दाण्यांनी, भरला म्हणजे झीज थांबते असं मात्र नाही, तसं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. झीज कमी होते. न भरलेल्या खड्ड्याच्या तुलनेत साधारण एक ते दोन मिलिमीटर हाड जास्त राहतं. ऐकायला हे थोडं वाटतं, पण कड साडेसहाची राहिली तर इम्प्लांट सरळ बसतो, पाचची राहिली तर आधी हाड वाढवायचं वेगळं ऑपरेशन करावं लागतं. वरच्या मागच्या दातांत आणखी एक भानगड असते. वर सायनसची पोकळी असते आणि दात गेल्यावर तीही खाली उतरत येते, म्हणजे हाडाची उंची दोन्हीकडून कमी होते.

आता जिथं अडलं ते सांगते.

आपल्याकडे बऱ्याच दवाखान्यांत हिरड्यांचे किंवा इम्प्लांटचे तज्ज्ञ रोज बसत नाहीत, ठरलेल्या वारी येतात. दात काढणारे डॉक्टर वेगळे, ग्राफ्ट भरणारे वेगळे आणि खर्चाचा आकडा सांगणारी व्यक्ती तिसरीच. यात कुणाचा दोष नाही, सोलापूरच काय, बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणी असंच चालतं. पण याचा परिणाम असा की तुम्ही दुखतंय म्हणून मंगळवारी जाता, मंगळवारी दात निघतो, आणि ज्यांनी खड्ड्याकडे बघायचं ते शनिवारी येतात. तोवर खड्ड्यात गुठळी बसलेली असते आणि ती उकरून कुणी ग्राफ्ट भरत नाही. तेव्हा पहिली गोष्ट ही : दात काढायची तारीख तज्ज्ञ येतात त्या वाराला घ्या. काउंटरवरून "आजच काढून टाकू ना" असा आग्रह झाला तरी ठाम राहा. मुळाला चीर गेलेला, पुळी येणारा, अधूनमधून ठणकणारा दात आठ-पंधरा दिवस थांबू शकतो. तेवढ्यात पू बाहेर काढता येतो, औषध देता येतं, चावताना लागत असेल तर दात घासून थोडा बुटका करता येतो. अपवाद एकच आणि तो महत्त्वाचा. गालावर किंवा जबड्याखाली पसरणारी सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास असेल तर ग्राफ्टचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

दुसरी अडचण एस्टिमेटची. मला मिळालेल्या कागदावर एकच ओळ होती : एक्स्ट्रॅक्शन अधिक बोन ग्राफ्ट, आणि पुढे एक आकडा. कोणतं ग्राफ्ट? "चांगल्या कंपनीचं." किती? "लागेल तेवढं." मेम्ब्रेन, म्हणजे ग्राफ्ट झाकायचा पातळ पडदा, धरलंय का? "लागलं तर टाकू." सिमेंट किती पोती लागणार हे न विचारता कुणी घराचा स्लॅब घालत नाही, आणि इथं आपल्या जबड्यात काय जाणार हे विचारलं तर समोरच्याच्या कपाळाला आठ्या पडतात, याचा मला खरोखर संताप येत होता. मी चिवटपणे विचारत राहिले आणि तुम्हीही विचारा, कारण या प्रत्येक प्रश्नाला खरं उत्तर असतं.

"लागलं तर" हे उत्तर मात्र अर्धं बरोबर आहे, हे मान्य करायला हवं. भिंत शाबूत आहे की फाटलीय हे दात निघाल्यावर, खड्ड्यात प्रोब फिरवूनच नक्की कळतं. म्हणून कागदावर तीन वाटा लिहून घ्यायच्या. चारही भिंती शाबूत असल्या तर काय करणार : दाणेदार ग्राफ्ट, वर कोलॅजनचा (प्राण्यांच्या ऊतींतल्या प्रथिनाचा) प्लग किंवा तुकडा, आडवे-तिडवे टाके. गालाकडची भिंत गेलेली असली तर काय करणार : भिंतीच्या आतल्या बाजूनं मेम्ब्रेन सरकवायचं, मग ग्राफ्ट, मग मेम्ब्रेनचं टोक खड्ड्यावरून टाळूकडे वळवून हिरडीखाली खोचायचं. भिंत फारच गेली असेल तर त्या दिवशी फक्त खड्डा साफ करून सोडायचा आणि हिरडी भरून आल्यावर, चार ते आठ आठवड्यांनी, पुढचं करायचं, हीसुद्धा एक शास्त्रशुद्ध वाट आहे. तिन्ही वाटांचा खर्च वेगळा. तिन्ही आकडे आधी मागा. ज्या डॉक्टरांनी शेवटी माझं काम केलं, त्यांनी केसपेपरच्या मागच्या बाजूला स्वतःच्या अक्षरात या वाटा लिहून दिल्या. त्यांना त्यासाठी पाच मिनिटंही लागली नाहीत. तो कागद हातात आल्यावर जे हायसं वाटलं, ते इम्प्लांट बसल्यावरही वाटलं नाही.

भिंतीचा आधी अंदाज घेण्यासाठी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे स्कॅन, हवा. दवाखान्यातला नेहमीचा छोटा एक्स-रे सपाट असतो, त्यात गालाकडची आणि टाळूकडची भिंत एकावर एक पडते, त्यामुळे एक भिंत नसली तरी चित्र बरं दिसतं. सीबीसीटीसाठी पूर्ण जबडा लागत नाही, एका दातासाठी छोट्या चौकटीचा, साधारण पाच बाय पाच सेंटिमीटरचा स्कॅन पुरतो आणि किरणंही कमी लागतात. धातूची कॅप आणि रूट कॅनलचं भरण यांच्यामुळे चित्रात पट्टे उमटतात आणि पातळ भिंत असूनही नाहीशी दिसू शकते, तेव्हा रिपोर्टमधला "भिंत दिसत नाही" हा शेरा अंतिम धरू नका. स्कॅनचा मूळ डेटा पेनड्राइव्हवर किंवा सीडीवर मागून घ्या. नुसती छापील फिल्म घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर त्यांना मोजमाप घेता येत नाही आणि पुन्हा स्कॅन करावा लागतो.

आता ग्राफ्टच्या बाटलीबद्दल. एकाच मुळाच्या दाताच्या खड्ड्याला साधारण अर्धा सीसी (म्हणजे अर्धा मिली) ग्राफ्ट लागतं, दाढेला एक सीसीपर्यंत. दाण्यांचा आकार पाव ते एक मिलिमीटर. काही कंपन्या माप सीसीमध्ये देतात, काही ग्रॅममध्ये. बैलाच्या हाडापासून केलेल्या बायो-ऑसचं उदाहरण घ्या. त्याचे बारीक दाणे पाव ग्रॅम म्हणजे अंदाजे अर्धा सीसी भरतात. म्हणून "शून्य पूर्णांक पाच" असा आकडा ऐकलात की पुढे ग्रॅम आहे की सीसी ते विचाराच, माप दुप्पट होतं आणि बिलही. एका एस्टिमेटमध्ये ग्रॅम आणि दुसऱ्यात सीसी असेल तर दोन दवाखान्यांची तुलनाच होत नाही. उघडलेली बाटली पुन्हा वापरायची नसते, उरलेले दाणे टाकूनच द्यायचे. म्हणून तुमच्या खड्ड्याला पुरेल तेवढ्याच मापाची बाटली मागवा आणि ती तुमच्यासमोर उघडा असं सांगा.

ग्राफ्ट कशापासून बनलंय हा प्रश्न आपल्याकडे अनेक घरांत महत्त्वाचा असतो आणि तो विचारायला लोक संकोचतात. स्पष्ट विचारा. मुख्य प्रकार चार. स्वतःचंच हाड, जे दुसऱ्या जागेवरून खरवडून घेतात. दुसऱ्या माणसानं दान केलेलं हाड, प्रक्रिया करून, सुकवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेलं. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाची टिश्यू बँक १९८८ पासून या क्षेत्रात आहे. तिसरं, जनावराचं, बहुतेक वेळा बैलाचं हाड, ज्यातला सगळा सेंद्रिय भाग काढून टाकलेला असतो. चौथं, कृत्रिम : हायड्रॉक्सीअपेटाइट, बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, बायोअॅक्टिव्ह ग्लास. मेम्ब्रेनचं वेगळं विचारा, कारण ग्राफ्ट कृत्रिम असलं तरी कोलॅजनचं मेम्ब्रेन गाय-बैलाच्या किंवा डुकराच्या ऊतींपासून केलेलं असू शकतं. ज्यांना हे चालत नाही त्यांच्यासाठी कृत्रिम ग्राफ्ट आणि डेन्स पीटीएफईचं (टेफ्लॉनच्या जातीचं) मेम्ब्रेन असा मार्ग आहे. ते मेम्ब्रेन विरघळत नाही, उघडं ठेवतात आणि साधारण तीन-चार आठवड्यांनी ओढून काढतात. प्रत्येक प्रकाराचा वेग वेगळा. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट लवकर विरघळतं, बैलाच्या हाडाचे दाणे फार सावकाश, कित्येक वर्षं जागेवर राहतात. जागा टिकवायला ते सावकाशपण उपयोगी पडतं.

आणि पीआरएफ. मी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते, त्यामुळे या बाबतीत ऐकीव माहितीवर सोडून देणं मला जमलं नाही. पीआरएफ म्हणजे तुमचंच रक्त फिरवून त्यातून काढलेला फायब्रिनचा (रक्त गोठताना बनणाऱ्या धाग्यांचा) जेलसारखा गोळा. २००१ मध्ये फ्रान्समध्ये ही पद्धत आली. दहा मिलीच्या, आत काहीही न घातलेल्या काचेच्या ट्यूबमध्ये रक्त घेतात आणि मिनिटाला २७०० फेऱ्यांवर बारा मिनिटं किंवा ३००० फेऱ्यांवर दहा मिनिटं फिरवतात. वर पिवळसर द्रव, मध्ये फायब्रिनची गुठळी, तळाला लाल पेशी असे थर पडतात आणि मधली गुठळी चिमट्यानं उचलतात. रक्त गोठायच्या आत ट्यूब मशीनमध्ये गेली पाहिजे, म्हणजे घेतल्यापासून मिनिट-दोन मिनिटांत. "समोरच्या लॅबमधून रक्त काढून आणा" असं कुणी सांगितलं तर जाऊ नका, जिना उतरून रस्ता ओलांडेपर्यंत रक्त गोठायला लागलेलं असतं. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीएच्या किंवा निळ्या झाकणाच्या सायट्रेटच्या ट्यूबमध्ये गुठळी होणारच नाही. लाल झाकणाच्या प्लॅस्टिकच्या ट्यूबमध्ये गोठवणारी सिलिकाची भुकटी असते, तीही खड्ड्यात जायला नको. नुसत्या फेऱ्यांचा आकडाही पुरेसा नाही, रोटरची (ट्यूब फिरवणाऱ्या चाकाची) त्रिज्या बदलली की प्रत्यक्ष लागणारा जोर बदलतो, तेव्हा मशीन पीआरएफसाठी आहे की लॅबमधलं साधं आहे ते बघा. पीआरएफमुळे हिरडी लवकर भरते, पहिल्या दिवसांतलं दुखणं कमी होतं. पण ते आठवडा-दोन आठवड्यांत विरघळतं. भिंत फाटलेली असेल तर नुसत्या पीआरएफवर कडेची रुंदी राहील अशी अपेक्षा ठेवू नका. दाण्यांमध्ये मिसळून वापरलं तर दाणे एकत्र धरून ठेवायला मात्र ते फार छान.

कुणालाच सरळ उत्तर द्यायचं नसेल तर डेंटल कॉलेजचा रस्ता धरा. सोलापुरात केगावला आहे. कॉलेजात हिरड्यांचा विभाग, तोंडाच्या शस्त्रक्रियेचा विभाग आणि एक्स-रेचा विभाग एकाच छताखाली असतात, केसपेपरवर सगळं लिहिलं जातं. वेळ जास्त जातो, पण दुसरं मत घ्यायला ती जागा योग्य.

प्रत्यक्ष दात काढताना काय बघायचं ते थोडक्यात. पकडीनं गालाकडे जोर लावून हलवला की पातळ भिंत तिथंच मोडते. म्हणून पेरिओटोम नावाचं पातळ पात्याचं हत्यार दात आणि हाडाच्या मधल्या फटीत फिरवून तंतू कापतात, मग दात सावकाश वर येतो. दोन-तीन मुळांची दाढ असेल तर मुळं वेगळी करून एकेक काढतात. चीर गेलेलं मूळ दोन तुकड्यांत निघतं, त्याला वेळ लागतो, घाई करू देऊ नका. मग खड्डा खरवडून सगळी मऊ, रोगट ऊती काढायची. ती राहिली तर ग्राफ्टला हाडाचा स्पर्श होत नाही आणि संसर्ग परत येतो. खड्ड्यातून रक्त आलं पाहिजे, कोरड्या खड्ड्यात ग्राफ्ट रुजत नाही. दाणे सलाइनमध्ये किंवा रक्तात भिजवून हलक्या हातानं भरायचे. ठासून भरले तर दाण्यांमध्ये रक्तवाहिन्यांना वाट राहत नाही, आणि हिरडीच्या वर ढीग केला तर वरचे दाणे गळून जातात.

हिरडीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण हाडाच्या नादात तिच्याकडे दुर्लक्ष होतं. खड्डा पूर्ण बंद दिसावा म्हणून काही जण गालाकडची हिरडी सोडवून ओढून आणतात आणि शिवून टाकतात. दिसायला ते नीट दिसतं. पण दाताभोवतीची घट्ट, फिकट गुलाबी हिरडी त्यामुळे टाळूकडे सरकते आणि तिच्या जागी गालाची मऊ, हलणारी त्वचा येते. पुढे इम्प्लांटभोवती ती घट्ट हिरडीच लागते, नाहीतर ब्रश लावला की दुखतं आणि लोक तिथं घासणं सोडतात. शिवाय हिरडी हाडापासून सोडवली की हाडाचा बाहेरचा रक्तपुरवठाही काही काळ तुटतो, तो आतल्या बाजूनं आधीच तुटलेला असतो. त्यामुळे शक्य असेल तिथं हिरडी न सोडवता, खड्ड्याचं तोंड कोलॅजननं झाकून, वर फुलीसारखा टाका घालून सोडणं चांगलं. ती जागा खालून आपोआप भरत येते, साधारण तीन ते पाच आठवड्यांत. मधल्या काळात तिथं पांढरट थर दिसतो. तो फायब्रिनचा असतो, पू समजून बोटानं खरवडू नका.

नंतरच्या काळजीत सोलापूरकरांना अवघड जाणाऱ्या गोष्टी दोन, जेवण आणि तंबाखू. गॉज पाऊण तास दाबून धरा, चोवीस तास चूळ भरू नका, थुंकू नका, स्ट्रॉनं काही ओढू नका, गुठळी सुटते. गालावर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं ठेवून तेवढाच वेळ काढायचा, पहिल्या दिवशीच. कडक भाकरी आणि शेंगा चटणी टाके निघेपर्यंत बंद. चटणीचा भरड कूट टाक्यांच्या मधोमध बसतो आणि काढायला गेलं की ग्राफ्टचे दाणे घेऊन येतो. हुरड्याचे दिवस असतील तर तोही नाही, गड्ड्याच्या जत्रेतला ऊस तर अजिबातच नाही. दूध-भात, ताक-भात, मऊ खिचडी, कोमट केलेली हुग्गी चालते. पहिल्या काही दिवसांत चार-दोन बारीक खडेसर दाणे तोंडात आले तर घाबरू नका. सलग येत राहिले, टाका सुटला किंवा दोन-तीन दिवसांनी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढून कानाकडे जायला लागलं तर लगेच दाखवा.

तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात आणि ग्राफ्ट जगण्यासाठी नेमक्या त्याच लागतात. विडी आणि मावा बंद करायचा हे सगळ्यांना कळतं. मिश्री मात्र बायका तंबाखूत धरतच नाहीत, डॉक्टरांनी विचारलं तर "काही नाही" सांगतात आणि दुसऱ्या दिवशी तेच बोट हिरडीवर फिरवतात. मिश्री तंबाखूच आहे. आई-मावशींना घेऊन जाणार असाल तर हे घरूनच सांगून न्या.

क्लोरहेक्सिडिनचं शून्य पूर्णांक दोन टक्क्यांचं माउथवॉश दुसऱ्या दिवसापासून देतात. पेस्ट लावून लगेच ते घेऊ नका, पेस्टमधल्या फेसामुळे त्याचा असर जातो, मध्ये अर्धा तास सोडा. चहानं दातांवर तपकिरी डाग पडतात, ते क्लीनिंग केल्यावर जातात.

आणखी एक, हे खरं तर सगळ्यात आधी सांगायचं होतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर स्वतःच्या मनानं बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांचं मत घेऊन या. हाडं ठिसूळ होण्यावर आठवड्याची अॅलेंड्रोनेटची गोळी, वर्षाचं झोलेड्रॉनिक अॅसिड किंवा सहा महिन्यांचं डेनोसुमॅब इंजेक्शन चालू असेल तर दात काढण्याआधी सांगायलाच हवं, कारण त्या औषधांवर दात काढल्यास जबड्याचं हाड उघडं पडून मृत होण्याचा धोका असतो. मधुमेह असेल तर ताजा एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारा रिपोर्ट) सोबत न्या. पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर ती केसपेपरवर लाल शाईनं लिहून घ्या.

सगळ्यांनाच ग्राफ्ट लागतं असंही नाही. अक्कलदाढ काढली तर तिथं पुन्हा दात बसवायचा नसतो, खर्च करू नका. भिंती जाड आणि चारही शाबूत असतील, आणि इम्प्लांट दोन-तीन महिन्यांतच बसवायचा असेल, तर बऱ्याचदा कोलॅजन प्लग पुरतो. ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधारानं बसवलेला खोटा दात) करणार असाल तर मागच्या दाढेला एवढा आटापिटा नको, पण पुढच्या दाताला हवा, नाहीतर खोट्या दाताच्या वर खळगा पडतो आणि हसताना सावली दिसते.

मधल्या काळासाठी काढता-घालता येणारा तात्पुरता दात देतात. तो खड्ड्यावर टेकता कामा नये. खालून घासून मोकळा करून घ्या, नाहीतर प्रत्येक घासाला तो ग्राफ्टला दाबत राहतो आणि चांगली भरलेली कड बसते. शेजारच्या दातांना चिकटवलेला तात्पुरता दात त्याहून बरा.

चार ते सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन करून इम्प्लांट. ग्राफ्टच्या पाकिटावर चिकटवायचे स्टिकर असतात, त्यावर नाव, प्रकार, लॉट नंबर आणि मुदत असते. एक केसपेपरवर लावायला सांगा आणि त्याचा फोटो स्वतःकडे ठेवा. पुढचं काम पुण्यात किंवा हैदराबादला करून घ्यायची वेळ आली तर तिथल्या डॉक्टरांना हे लागतं, कारण सावकाश विरघळणारे दाणे स्कॅनमध्ये पक्क्या हाडासारखेच पांढरे दिसतात आणि ड्रिल लावल्यावर वेगळे वागतात.